शहा, शात

ऐलीन: हसू नकोस ना गं, मावशी. मी खरंच विचारतेय. हा कियाम कोण?

हॅरिएट: थांब, आधी डोळे पुसू दे मला. कियाम कोण म्हणे! अगं पोरी, मरताना तुझ्या आईला परका पुरुष आठवला असं वाटलं की काय तुला?

ऐलीन: मग काय वाटायचं? तिचा शेवटचा शब्द होता तो. बाबांचं नाव नाही घेतलं, माझंही नाही. ‘कियाम’ म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. फेब्रुवारीपासून मी तिची पत्रं उलटीपालटी करतेय. ती कामाला होती त्या कंपनीतल्या टेलिफोन बोर्डाच्या फोटोमागची नावं वाचून काढली. एक कॅमरन सापडला, पण तो बासष्ट साली वारलाय.

हॅरिएट: बिचारा कॅमरन. त्याला तर डोक्यावर केसही नव्हते. बॅनॉकची भाकरी घे, गार होतेय.

ऐलीन: घेते. आधी सांग.

हॅरिएट: कियाम म्हणजे माणूस नव्हे गं. कियाम म्हणजे असू दे. राहू दे. जाऊ दे. इथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेतला शब्द आहे, आमच्या आजीचा. दूध उतू गेलं, कियाम. पुरात कोंबड्या वाहून गेल्या, कियाम. आजोबा दोन दिवसांनी घरी आले, तेव्हा मात्र आधी लाटणं आणि मग कियाम.

ऐलीन: असू दे?

हॅरिएट: असू दे.

ऐलीन: आईला क्री येत होती?

हॅरिएट: क्री नाही. आमची आमची एक बोली होती, या नदीकाठची. इंग्रजीच, पण ऑर्कनी बेटावरून आलेल्या आजोबांची चाल आणि आजीचे क्री शब्द, सगळं एका पातेल्यात. आमच्या शेताच्या पट्टीपासून पुढे दगडी चर्चपर्यंत सगळे तसंच बोलायचे. तेव्हा इथे शहर नव्हतं गं. आम्ही काही विनिपेगला राहायला आलो नाही, विनिपेग आमच्याकडे राहायला आलं. आलं ते आलं आणि आम्हालाच विचारायला लागलं, तुम्ही कुठले?

ऐलीन: आई म्हणायची, आपण स्कॉटिश.

हॅरिएट: बाहेर आम्ही सगळेच म्हणायचो. स्कॉटिश लोक आम्हाला क्री म्हणायचे, क्री लोक स्कॉटिश म्हणायचे, आणि शाळेतले मास्तर काय म्हणायचे ते मी आत्ता चहा पिताना सांगणार नाही. आता सरकारदरबारी आम्ही मेटी, म्हणजे मिश्र वंशाचे. कार्डं मिळतात. तुझ्या अल्बर्टमामालाही मिळालंय. मासेमारीच्या परवान्यामागे ठेवतो, पाणी लागू नये म्हणून.

ऐलीन: मामा कुठेयत?

हॅरिएट: मागच्या पायऱ्यांवर. नदीचं बर्फ कधी फुटतंय ते बघत बसलाय. शेजारच्या वासिलशी पैज लागलीय, वासिल हरला तर दोन डझन पेरोगी, त्या बटाट्याच्या करंज्या. तीस वर्षं झाली, एकदाही याला दिवस ओळखता आलेला नाही. बरं, ते सोड. ‘असू दे’ हे माणूस उगाच म्हणत नाही. त्याच्याआधी काय बोलणं झालं तुमचं?

ऐलीन: काही नाही.

हॅरिएट: ऐलीन.

ऐलीन: तिनं काहीतरी मागितलं. मी नाही देऊ शकले. त्यावर तिनं ‘असू दे’ म्हटलं असेल, तर... नको. चहा घालतेस अजून?

हॅरिएट: किटली तुझ्याजवळच आहे. माझं कमरेचं हाड अजून जुळतंय. नाहीतर जानेवारीत मीच बसले असते ना तिच्या उशाशी. फोन केला तर ती नुसती हं-हं करायची. बोलायचीच नाही.

ऐलीन: तिला बोलता नीट येत नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ जड झाली होती. म्हणजे शब्द सगळे होते, वाक्यंही धड होती, फक्त उच्चार घसरत होते. वाचा सुधारणारी एक मुलगी यायची, गोड होती. तिनं तक्ता दिला होता चित्रांचा. ती गेली की मी करून घ्यायचे. रोज दुपारी अर्धा तास.

हॅरिएट: काय करून घ्यायचीस?

ऐलीन: साबण. सूर्य. शाळा. शिडी. आई साबणाला शाबण म्हणायची आणि शाळेला साळा. गंमत म्हणजे दोन्ही अक्षरं यायची तिला, पण नेमकी उलट. ती मुलगीसुद्धा म्हणाली, असा रुग्ण पहिल्यांदाच पाहतेय. मी म्हणायचे, आई, शाबण नाही, साबण. परत म्हण. बरोबर आलं की म्हणायचे, बरोबर बोललीस. शाळेत पोरांना म्हणते तसं. काय गं? अशी का बघतेस?

हॅरिएट: काही नाही. पुढे सांग.

ऐलीन: पुढे काय! सुरुवातीला खूप बोलायची. कशाबद्दलही. नदी, कोंबड्या, कोणीतरी गाडीतून पडलं होतं ते. मी मध्ये मध्ये थांबवून शब्द दुरुस्त करायचे. मग तीच हळूहळू बोलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, आजार वाढतोय.

हॅरिएट: मी एक गोष्ट सांगू तुला? मध्ये थांबवायचं नाही.

ऐलीन: सांग.

हॅरिएट: पन्नास साली मोठा पूर आला ना, तेव्हा आम्हाला तिकडे पश्चिमेला एका कुटुंबात ठेवलं होतं. भली माणसं. पांघरुणं दिली, बूट दिले. तुझी आई, फ्लोरा, चौदा वर्षांची. त्या घरातली मुलं रोज जेवताना तिला म्हणायला लावायची, ‘सशाचं शेपूट’. आणि ती म्हणायची, ‘शसाचं सेपूट’. सगळं टेबल हसायचं. तीही हसायची त्यांच्याबरोबर. मी तिच्या शेजारी बसायचे, टेबलाखाली तिचा हात माझ्या हातात असायचा. गार दगड नुसता.

ऐलीन: शसाचं...

हॅरिएट: थांबवायचं नाही म्हटलं ना? तर पुढे चोपन्न साली मॅकवर्टर धान्य कंपनीत टेलिफोन बोर्डावर मुली हव्या होत्या. फ्लोरा गेली. तिथल्या बाईंनी आकडे वाचायला दिले. हिनं वाचले, शहा, शात, शोळा, शतरा. बाई म्हणाल्या, मुली, तू गहू पाठवशील एका गावाला आणि पोचेल भलत्याच. परत पाठवली. आमच्या बोलीत तसंच होतं गं. स चा श, श चा स. सगळ्यांचंच. आजीच्या क्री भाषेत दोन वेगळी अक्षरंच नव्हती, तिथून आलं असेल. आम्हाला कुठे ठाऊक होतं उलट आहे म्हणून! सगळी नदीच तशी बोलायची.

ऐलीन: सगळी नदी.

हॅरिएट: तीन महिने ही ट्राममध्ये बसून आकडे मोजायची. सहा, सात, साठ, सदुसष्ट. खिडकीबाहेर बघत, खांब मोजल्यासारखं. कंडक्टरला वाटलं पोरीचं डोकं फिरलंय. तिसऱ्या खेपेला पास झाली. घरी आली आणि दारातच म्हणाली, ‘सहाशे सदुसष्ट.’ स्वच्छ. आई रडली. आनंदानं रडतेय म्हणाली, पण मला नाही वाटत. त्या दिवसानंतर फ्लोराच्या तोंडून घरचं अक्षर पडलं नाही. एकोणसाठ वर्षं.

ऐलीन: म्हणजे तिची जीभ जड झाली नव्हती.

हॅरिएट: तुला काय ठाऊक असणार? तिनं सांगितलंच नव्हतं कुणाला. तुझ्या बाबांनासुद्धा.

ऐलीन: जड नाही, सैल झाली होती. घरी आली होती ती. आणि मी तक्ता धरून बसले होते समोर.

हॅरिएट: ऐलीन, पोरी, इकडे बघ.

ऐलीन: तू का नाही बोलत तसं? कधीच ऐकलं नाही तुझ्या तोंडून.

हॅरिएट: मी दोन्ही बोलते. एक दाराबाहेरची, एक चुलीपाशी. तुझ्याशी बाहेरची बोलायची असं फ्लोराचं फर्मान होतं. अल्बर्टला मात्र दोन जमल्या नाहीत. त्याला एकच.

ऐलीन: मामांना? मामा तर बोलतच नाहीत. आठ वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं ते मुके आहेत. नाताळात येऊन कोपऱ्यात बसायचे, माझ्याकडे बघून नुसते हसायचे.

हॅरिएट: हं. हसायचा खरा.

ऐलीन: म्हणजे?

हॅरिएट: तुझ्या आईच्या लग्नात, साठ साली. नवऱ्याकडची मंडळी ओंटारियोहून आलेली, हातमोजे घालून. चर्चच्या दारात फ्लोरानं अल्बर्टची कॉलर नीट केली आणि म्हणाली, ‘अल्बर्ट, आज फक्त हस.’ एवढंच. तिला त्या एका दिवसापुरतंच म्हणायचं होतं. पण हा सरळ माणूस. पुढे तिच्या घरात कधी तोंडच उघडलं नाही. त्रेपन्न वर्षं नुसता हसला.

ऐलीन: आणि आई काहीच म्हणाली नाही?

हॅरिएट: कसं म्हणणार? म्हणायचं तर आधी कबूल करायला हवं ना, काय सांगितलं होतं ते.

अल्बर्ट: हॅरी! अगं हॅरी, ही साल इथे कसी? पुढच्या पायरीवर पडलीय, वाशिलचं कुत्रं वाश घेतंय तिचा!

(अल्बर्ट स्वयंपाकघराच्या दारात येतो. हातात झालरीची काळी शाल. ऐलीनला पाहून थबकतो आणि हसतो.)

हॅरिएट: झालं. बसली दातखीळ. ये आत. ऐलीनच आहे, राणी नाही. येताना तिच्याच अंगावरून पडली असेल ती.

ऐलीन: मामा, आत्ता काय म्हणालात?

हॅरिएट: अरे, बोल की. फ्लोरा गेली, आता कोणाला भितोस?

ऐलीन: मामा, तुमच्या हातात काय आहे?

अल्बर्ट: शा... शाल. शाल आहे.

ऐलीन: नाही, तसं नाही. मघाशी म्हणालात तसं म्हणा.

अल्बर्ट: चुकलो होतो मघासी. म्हणजे, मघाशी.

ऐलीन: चुकीचंच म्हणा. मामा, मी पाया पडते तुमच्या. चुकीचंच म्हणा.

अल्बर्ट: ...साल.

ऐलीन: देवा.

हॅरिएट: काय झालं? अल्बर्ट, खुर्ची दे तिला. अरे, त्या खुर्चीचा पाय मोडलाय, ती नको!

ऐलीन: बसलेलीच आहे मी. मावशी, मी तुला सांगितलं नाही, तिनं काय मागितलं ते. तिनं साल मागितलं होतं.

हॅरिएट: साल?

ऐलीन: वर्ष. मला वाटलं वर्ष. ‘साल दे ना गं, साल.’ वर्ष नाही, साल म्हणाली. मला वाटलं, जुनं माणूस, जुना शब्द. अजून एक साल मागतेय, जगायला. माझ्याकडे, जसं काही मी देऊ शकणार होते. आणि मी म्हटलं, ‘आई, साल मी कुठून आणू? ते कुणाच्या हातात असतं का?’

हॅरिएट: अगं बाई.

ऐलीन: सगळं वाचलेलं होतं गं माझं. मरणारी माणसं काय मागतात, जवळच्यांनी कसं खरं बोलावं. अगदी शांत आवाजात बोलले मी. तिनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, मला वाटलं नजर ठरत नाहीये तिची. खांद्याकडे बघत होती. मावशी, शाल माझ्या खांद्यावर होती. तिचीच होती. खिडकीतून वारा यायचा म्हणून मी घेतली होती.

अल्बर्ट: आजीची साल आहे ती.

ऐलीन: हात लांब करून द्यायची, एवढंच होतं. अर्धी खुर्चीला अडकलेली होती. मी तिला म्हणत होते माझ्या हातात नाही, आणि झालर माझ्या हातात होती.

हॅरिएट: आणि मग ती म्हणाली, कियाम.

ऐलीन: मग ती म्हणाली, कियाम.

हॅरिएट: थंडी वाजत होती तुला?

ऐलीन: काय?

हॅरिएट: तुला. त्या दिवशी.

ऐलीन: उणे चौतीस होतं बाहेर. कडेकडेनं खिडकी गोठली होती. हो, कुडकुडत होते मी.

हॅरिएट: मग ‘असू दे’ कुणाला म्हणाली ती? मरणाला? तुझ्या डॉक्टरांना? तिनं बघितलं पोरीला थंडी वाजतेय. म्हणाली, असू दे, राहू दे तुझ्याच अंगावर.

ऐलीन: हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस.

हॅरिएट: थोडं त्यासाठी. पण आमची आजी हीच शाल अंगावरून काढून फ्लोराच्या अंगावर टाकायची, आणि फ्लोरा नको म्हणाली की आजी म्हणायची, कियाम. शालीच्या बाबतीत त्या शब्दाला या घरात दुसरा अर्थ नव्हता. शंभरदा ऐकलंय मी. विचार याला.

अल्बर्ट: हॅरी खरं बोलतेय. मला कधी मिळाली नाही ती साल, म्हणून माझ्या लक्षात आहे.

हॅरिएट: तुला कशी मिळणार? तू तिच्यात मासे गुंडाळायचास.

अल्बर्ट: एकदाच! आणि माशे कुठे, एकच माशा होता. ऐलीन, मला एक शांग. फ्लोरा असी बोलली? माझ्याशारखी?

ऐलीन: तुमच्यासारखी. हुबेहूब.

अल्बर्ट: किती दिवश?

ऐलीन: सहा आठवडे. सात. मी थांबवेपर्यंत.

अल्बर्ट: शात आठवडे. काय काय बोलली?

ऐलीन: कोंबड्यांबद्दल. कोणीतरी बैलगाडीतून पडलं, त्याबद्दल. नाव घेत नव्हती, हसत होती फक्त.

अल्बर्ट: मी पडलो होतो. पाच वर्सांचा होतो. चिखलात डोकं खाली, पाय वर. फ्लोरानंच ओढून काढलं. तिला आठवत होतं ते?

ऐलीन: तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, आई, पुरे, आता तक्ता करू.

अल्बर्ट: मला कळलं अशतं तर आलो अशतो. बर्फातून चालत आलो अशतो. ती बोलत होती आणि ऐकायला आपलं कुणी नव्हतं.

ऐलीन: मी होते, मामा.

हॅरिएट: अल्बर्ट, शब्द जपून.

अल्बर्ट: होतीश गं. होतीश तू. कियाम, पोरी. रडू नको. हे घे, ही घे अंगावर. कुत्र्यानं वाश घेतलाय नुशता, खाल्ली नाही.

ऐलीन: मला नको. मी ती तिच्याबरोबर ठेवणार आहे. मे महिन्यात जमीन मऊ झाली की दगडी चर्चच्या अंगणात पुरायचं आहे ना, तेव्हा. तिनं मागितली होती.

हॅरिएट: आणि तुला दिली होती. दिलेलं परत करायला जाशील तर ती तुला टेलिफोनवरून झापेल, स्वच्छ आवाजात.

ऐलीन: मग मी काय देऊ तिला? रिकाम्या हातानं कशी जाऊ?

हॅरिएट: पाद्रीबाई म्हणत होत्या, तू काहीतरी वाचणार आहेस.

ऐलीन: लिहून ठेवलंय. दोन पानं. चांगलं झालंय, सगळी वाक्यं जागच्या जागी आहेत. आता ते फाडावंसं वाटतंय.

हॅरिएट: फाडू नकोश. मागची बाजू कोरी अशेल, मला किराण्याच्या यादीला दे.

ऐलीन: मावशी, तू आत्ता...

हॅरिएट: काय? चुलीपासी बशलेय मी. इथे मी असीच बोलते.

ऐलीन: मामा.

अल्बर्ट: हं?

ऐलीन: तिथे तू बोलशील? मे महिन्यात, तिच्यासमोर उभा राहून?

अल्बर्ट: मी? चर्चच्या अंगणात? तुझ्या बाबांकडचे लोक येतील, ते हातमोजेवाले.

ऐलीन: येऊ देत.

अल्बर्ट: हशतील.

हॅरिएट: हशू देत. निम्मे तर आपलेच आहेत, उरलेले बहिरे झालेत.

अल्बर्ट: फ्लोरा रागावेल. मी कबूल केलं होतं तिला.

ऐलीन: एका दिवसापुरतं कबूल केलं होतंस. तो दिवस कधीच संपला, मामा. गाडीतून पडलास ते सांग. तिनं तीनदा सांगितलं, मी एकदाही पूर्ण ऐकलं नाही.

अल्बर्ट: शगळं शांगू? चिखल आणि बैल आणि माझी चड्डी?

ऐलीन: सगळं.

अल्बर्ट: बघू. बघतो. पण मी एकटा नाही बोलणार. आधी तू एक सब्द म्हणून दाखव, घरचा. म्हणजे मला कळेल तू हशणार नाहीश.

ऐलीन: कुठला शब्द?

अल्बर्ट: हा माझ्या हातात आहे तो. तिनं मागितला तो.

ऐलीन: शा...

हॅरिएट: तक्ता विशर.

ऐलीन: साल.

अल्बर्ट: बरोबर बोललीश.